‘इन ड्रीम्स’चा दुसरा खेळ : एका चित्रपट मंडळाचे प्रकरण

(मंडळाचे, गावाचे आणि व्यक्तींचे नाव जाणीवपूर्वक दिलेले नाही. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत; चर्चेतील मुद्दे आणि निर्णयांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे.)

पार्श्वभूमी

उजनी धरणाच्या फुगवट्यालगत असलेल्या एका तालुक्याच्या गावी एक छोटे चित्रपट मंडळ बरीच वर्षे चालू आहे. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचे सभागृह, भिंतीवर ताणलेला पडदा, एक प्रोजेक्टर, दरमहा एक खेळ आणि खेळानंतर चर्चा, एवढाच त्याचा पसारा आहे. सभासदांत शिक्षक आहेत, बँकेतील कर्मचारी आहेत, डॉक्टर आहेत, ऊस आणि केळी करणारे शेतकरी आहेत आणि अलीकडे महाविद्यालयीन मुलेमुलीही येऊ लागली आहेत. वाचनालयाच्या ग्रंथपाल याच मंडळाच्या संयोजक आहेत. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांच्यातर्फे होणारा रसास्वाद वर्ग त्यांनी केलेला आहे, आणि तिथून आल्यावर त्यांनी मंडळात एक पद्धत सुरू केली : प्रत्येक खेळानंतर चर्चेचा सारांश चार ओळींत एका वहीत लिहायचा. ही वही मंडळाची स्मृती आहे. पुढचे कार्यक्रम ठरवताना ती उघडली जाते आणि तिच्यात जे लिहिलेले असते त्याला वजन असते.

याच वहीत फार पूर्वीची एक नोंद होती. चित्रपट ‘इन ड्रीम्स’, दिग्दर्शक नील जॉर्डन. नोंदीत म्हटले होते : ‘चित्रे सुंदर, गोष्ट फसलेली. पुन्हा दाखवू नये.’

हा निकाल एकट्या या मंडळाचा नव्हता. १५ जानेवारी १९९९ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या या चित्रपटावर सुमारे ३ कोटी डॉलर खर्च झाला होता आणि तिथल्या चित्रपटगृहांतून जेमतेम १.२ कोटी डॉलर परत आले. समीक्षकांनीही त्याला झोडपले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या ‘द सिक्स्थ सेन्स’ला मात्र प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले, त्यामुळे प्रेक्षकांना अतींद्रिय कथांचा कंटाळा आला होता असे म्हणून या अपयशाचा उलगडा करता येत नाही. वास्तविक पडद्यामागची नावे मोठी होती. जॉर्डन यांना ‘द क्राइंग गेम’च्या पटकथेसाठी ऑस्कर मिळालेले होते. छायाचित्रण दारियस खोंडजी यांचे होते, ज्यांनी १९९५ मध्ये ‘सेव्हन’ चित्रित केला होता. संगीत एलियट गोल्डेंथाल यांचे, तर पटकथा बॅरी वुड यांच्या ‘डॉल्स आइज’ या कादंबरीवरून ब्रूस रॉबिन्सन आणि स्वतः जॉर्डन यांनी लिहिलेली होती.

कथा थोडक्यात अशी आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात राहणारी क्लेअर (अॅनेट बेनिंग) लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढते. परिसरातील एक मुलगी बेपत्ता झाली आहे आणि क्लेअरला त्यासंबंधी स्वप्ने पडत आहेत. सफरचंदाची बाग, मुलीचा हात धरून चाललेली कोणी व्यक्ती. पोलीस तिचे म्हणणे गंभीरपणे घेत नाहीत. पुढे उलगडते ते असे की, ती स्वप्ने घडून गेलेल्या गोष्टीची नव्हती, घडणाऱ्या गोष्टीची होती, आणि त्यातली मुलगी तिची स्वतःची होती. मुलीच्या मृत्यूनंतर क्लेअर मोटार थेट जलाशयात घालते, वाचते, आणि मग तिची रवानगी मनोरुग्णालयात होते. तिच्या मनात शिरलेला खुनी व्हिव्हियन (रॉबर्ट डाऊनी ज्युनियर) हा धरणात बुडवल्या गेलेल्या गावातला मुलगा आहे. पाणी चढत असताना त्याच्या आईने त्याला पलंगाला जखडून ठेवले होते.

चित्रपट उघडतो तो याच बुडालेल्या गावात. हातात दिवे घेतलेले पाणबुडे एका मुलीच्या शोधात पाण्याखालच्या इमारतींमधून पोहत जातात, आणि श्रेयनामावली त्याच हिरव्यागार अंधारावर उमटत राहते. ही दृश्ये मेक्सिकोतील रोसारितो येथे ‘टायटॅनिक’साठी बांधलेल्या टाकीत चित्रित झाली. सुरुवातीची ही काही मिनिटे ज्याने पाहिली, तो चित्रपटाविषयी पुढे काहीही म्हणो, ती मिनिटे विसरत नाही.

प्रश्न कसा उभा राहिला

मंडळाच्या एका तरुण सभासदाने, जो व्यवसायाने छायाचित्रकार आहे आणि लग्नसराईत श्वास घ्यायला सवड नसलेला माणूस आहे, वही चाळताना ही नोंद वाचली आणि बैठकीत साधा प्रश्न विचारला : चित्रे सुंदर असतील तर ती पुन्हा का पाहू नयेत, आणि गोष्ट फसली म्हणजे नेमकी कुठे फसली? वहीत त्याचे उत्तर नव्हते. पहिला खेळ पाहिलेल्यांपैकी जे बैठकीला होते, त्यांनाही नेमके सांगता येईना. कोणाला ‘शेवट हास्यास्पद’ एवढेच आठवत होते, कोणाला ‘खुनी दिसला आणि भीती गेली’ असे.

विचारपूस करताना आणखी एक गोष्ट पुढे आली. पहिला खेळ व्हिडिओ सीडीवरून झाला होता. खोंडजी यांचे चित्रण बरेचसे अंधाराच्या कडेने चालते. काळोखात एखादीच वस्तू प्रकाशात ठेवायची आणि भोवतालच्या सावल्यांमध्ये बारीक फरक राखायचे, अशी ती पद्धत आहे. सीडीच्या दाबलेल्या चित्रात या सावल्यांचा एकच काळा डाग होतो. म्हणजे मंडळाने जे सुंदर म्हटले तेही अर्धेच दिसलेले होते.

पुन्हा खेळ लावण्याला मात्र खऱ्या अडचणी होत्या. वर्षाला मोजकेच खेळ होतात. नाकारलेल्या चित्रपटाला त्यातला एक देणे म्हणजे न पाहिलेल्या एखाद्या चांगल्या चित्रपटाची जागा घेणे होते. त्याहून अवघड गोष्ट आशयाची होती. चित्रपटात लहान मुलीचा खून आहे, आईने केलेला आत्महत्येचा प्रयत्न आहे, मनोरुग्णालयातील जबरदस्ती आहे. मंडळाच्या एक ज्येष्ठ सभासद, ज्यांना सगळे ताई म्हणतात, त्यांची मुलगी लहानपणीच गेलेली आहे. हे गावात सर्वांना ठाऊक होते आणि बैठकीत कोणी उच्चारत नव्हते. शेवटी संयोजकांनीच विषय काढला आणि ताईंना आधी विचारल्याशिवाय निर्णय घ्यायचा नाही, असे ठरले. या प्रकरणातला पहिला महत्त्वाचा निर्णय हाच होता, असे मला वाटते.

तिसरी अडचण त्या बैठकीत कोणाच्याच लक्षात आली नाही, आणि ती गावाच्या अगदी समोर पसरलेली होती. भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या पाण्यात सोलापूर, पुणे आणि नगर जिल्ह्यांतील गावे गेली. मंडळात धरणग्रस्त कुटुंबांतले सभासद आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरले की इंदापूर तालुक्यात पळसदेवचे जुने दगडी देऊळ वर येते आणि लोक ते पाहायला जातात. बुडालेले गाव हा ज्यांच्यासाठी घरचा विषय आहे, त्यांच्यापुढे आपण बुडालेले गाव भयपटाची सजावट म्हणून ठेवणार आहोत, हा विचार खेळ होईपर्यंत कोणी केला नाही.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे वहीतला निकाल पाळणे. त्याच्या बाजूने निवृत्त मुख्याध्यापक असलेले एक सभासद होते. त्यांना सारे सर म्हणतात. सरांचे म्हणणे असे की, मंडळाचा वेळ हा सगळ्यांचा वेळ आहे, आणि देखणेपणा हा काही गुण नव्हे. कॅलेंडरही देखणे असते. त्यांनी सुचवले की जॉर्डन यांचाच चित्रपट पाहायचा तर १९८४ चा ‘द कंपनी ऑफ वूल्व्ज’ पाहावा, जिथे लालटोपीवालीची परीकथा, स्वप्न आणि भीती एकत्र येतात. तिथे कोणी मध्येच थांबून स्वप्नाचे स्पष्टीकरण देत बसत नाही. हा दुसरा पर्याय होता आणि तो वजनदार होता.

तिसरा पर्याय छायाचित्रकाराचा होता. पूर्ण चित्रपट न दाखवता त्यातील चार उत्तम दृश्यमालिका दाखवाव्यात आणि त्यांवर बोलावे. हा पर्याय अनेकांना आवडला होता. वेळ वाचतो, त्रासदायक भाग टळतो, आणि जे चांगले आहे ते हाती येते. त्याला विरोध केला तोही सरांनीच, आणि त्यांचा युक्तिवाद मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाचा वाटतो. ते म्हणाले, “उतारे दाखवून कोणताही चित्रपट थोर ठरवता येतो. तुम्हाला तो कुठे मोडला हे पाहायचंय ना? मग मोडलेलं वगळून कसं दिसेल?” ज्यांना खेळच नको होता त्यांनी अशा रीतीने, खेळ करायचाच असेल तर तो कसा करावा, हे ठरवून दिले.

चौथा पर्याय त्यातूनच निघाला : दोन संध्याकाळी. पहिल्या संध्याकाळी पूर्ण चित्रपट, कोणतेही प्रास्ताविक नाही, चर्चा नाही. दुसऱ्या संध्याकाळी, मध्ये काही दिवस जाऊ देऊन, निवडक दृश्ये पुन्हा पाहायची, थांबवून, मागे नेऊन, गरज पडल्यास आवाज बंद करून, आणि त्यांत चित्रपट जिथे बिघडतो ते दृश्यही असलेच पाहिजे. हा पर्याय स्वीकारला गेला. ताईंनी निरोप दिला की त्या पहिल्या दिवशी येणार नाहीत, चित्रपट घरी आपल्या सवडीने पाहतील, हवे तिथे थांबतील, आणि दुसऱ्या दिवशी आवर्जून येतील. डिस्क त्यांच्याकडे आधी पोहोचती करण्यात आली.

प्रत्यक्ष कार्यवाही

पहिल्या संध्याकाळी खेळ झाला. या वेळी चांगली प्रत मिळवली होती, सभागृहाच्या खिडक्यांना जाड कापड लावून बाहेरचा उजेड बंद केला होता, आणि कुजबुजत्या इंग्रजी संवादांमुळे कोणाचा धागा सुटू नये म्हणून कथेचा एक पानी मराठी गोषवारा दाराशी ठेवला होता. सुमारे १०० मिनिटांच्या चित्रपटात पहिला तासभर सभागृह गप्प होते. शेवटच्या भागात, व्हिव्हियन पूर्णपणे समोर आल्यावर, मागच्या रांगांतून हसण्याचे आवाज आले. संयोजकांनी ते वहीत तसेच लिहिले : ‘सायडरच्या (सफरचंदाच्या पेयाच्या) कारखान्यातील दृश्यापासून तरुण प्रेक्षक हसले.’ हे नोंदवणे योग्य होते. चित्रपट कुठे हातातून सुटतो याचा तो आयता पुरावा होता.

दुसरी संध्याकाळ हा या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

सुरुवात जंगलातल्या नाटकाच्या प्रसंगापासून झाली. शाळेतील मुली झाडांमध्ये, दिव्यांच्या उजेडात हिमगौरीचे नाटक करत आहेत. पाठीला पंख लावलेल्या लहान मुली, समोर बसलेले पालक, आणि दिव्यांची कक्षा संपते तिथून पुढे दाट अंधार. नाटक संपते आणि क्लेअरची मुलगी परत येत नाही. छायाचित्रकाराने आवाज बंद करून हा प्रसंग दोनदा दाखवला आणि एकच गोष्ट पाहायला सांगितली : उजेडाची कड कुठे आहे. पहिल्यांदा ती कड मुलींच्या मागे बरीच दूर असते. नाटक पुढे सरकते तसा कॅमेरा त्या कडेच्या जवळ जात राहतो. कोणी पळवणारा दिसत नाही, सुरा दिसत नाही, तरी पालकांच्या गर्दीत बसलेल्या आपल्याला कळते की मुलींच्या मागचे अंतर कमी होत आहे. त्याने मग आपल्या कामातला अनुभव सांगितला. लग्नात रात्रीच्या वरातीचे फोटो काढताना उजेडाच्या बाहेर कोण उभे आहे ते कधीच येत नाही, आणि घरचे लोक नंतर नेमके तेच विचारतात.

त्यानंतर लाल रंगाचा मुद्दा निघाला. न्यू इंग्लंडमधला, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य टोकाचा, शरद ऋतू, गंजलेल्या पानांचे तपकिरी आणि पाण्याचे हिरवे, आणि त्यावर सफरचंदाचा लाल. स्वयंपाकघरातील सिंकमधून सफरचंदाचा लगदा उसळून वर येतो तेव्हा घरातली सर्वांत ओळखीची जागा स्वप्नाच्या ताब्यात गेलेली असते. हे संवादातून सांगितलेले नाही, रंगातून सांगितलेले आहे. हिमगौरीचे विषारी सफरचंद आपल्याकडच्या मुलांनाही पुस्तकांतून माहीत असते, त्यामुळे ती खूण कोणाला समजावून सांगावी लागली नाही.

मनोरुग्णालयाच्या प्रसंगावर मात्र मतभेद झाले. क्लेअरला ज्या खोलीत ठेवले आहे, त्याच खोलीत पूर्वी किशोरवयीन व्हिव्हियन होता. तो ज्या वाटेने पळाला त्याच वाटेने ती पळते, आणि दोन काळांतील दोन पलायने एकमेकांत गुंफून दाखवली आहेत. संकलनाच्या दृष्टीने चित्रपटातला हा सर्वांत कसबी भाग आहे : एक दार तो उघडतो आणि ती बाहेर पडते. या भागासाठी वापरलेली जागाही खरी आहे. १८५८ मध्ये सुरू झालेले आणि १९९३ मध्ये बंद पडलेले मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थॅम्प्टन येथील सरकारी मनोरुग्णालय चित्रीकरणासाठी वापरले गेले. सभेतील एका डॉक्टर सभासदांनी हे कसब मान्य केले आणि तरीही ठामपणे आक्षेप घेतला. आईने छळले म्हणून मुलगा खुनी झाला, स्त्रीचा वेश करू लागला आणि वेडा ठरला, ही साखळी चित्रपट इतक्या सहजपणे जोडतो की, छळ सोसलेले बहुसंख्य लोक कोणालाही इजा करत नाहीत, ही वस्तुस्थिती पुसली जाते. त्यांचा दुसरा मुद्दा पटकथेच्या बांधणीचा होता. मानसशास्त्रीय थरारपटात क्लेअरचे मन विश्वासार्ह आहे की नाही, ही शंका प्रेक्षकाच्या मनात जिवंत राहायला हवी. इथे तिची स्वप्ने खरी आहेत हे आपल्याला फार लवकर कळते. मग डॉक्टर आणि पोलीस तिच्यावर विश्वास ठेवत नाहीत तेव्हा आपण फक्त चिडतो, गोंधळत नाही.

मग सुरुवातीची पाण्याखालची दृश्ये पुन्हा लावली. ती संपल्यावर खिडकीजवळ बसलेले आबा बोलले. आबांचे गाव उजनीत गेलेले आहे. त्यांचे तरुणपण जुन्या गावठाणात गेले आणि पुढचे आयुष्य नव्या गावठाणात. पाणी उतरले की ते आजही गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरणी, करतात. ते म्हणाले, “गाव असं उभं राहत नाही पाण्यात. निघताना आम्ही चौकटी काढल्या, तुळया काढल्या, पत्रे काढले. बैलगाडीत मावलं ते सगळं नेलं. मागं राहिल्या मातीच्या भिंती, त्या पहिल्याच पाण्यात बसल्या. दगडी देऊळ तेवढं राहिलं.”

संयोजकांनी यावर मॅसॅच्युसेट्समधील क्वाबिन जलाशयाची माहिती वाचून दाखवली. बोस्टन शहराच्या पाण्यासाठी तिथे डेना, एनफिल्ड, ग्रीनिच आणि प्रेस्कॉट ही चार गावे १९३८ मध्ये अधिकृतपणे रद्द केली गेली. जलाशय पूर्ण भरायला १९४६ साल उजाडले. तिथेही पाणी सोडण्यापूर्वी घरे पाडली किंवा हलवली होती, झाडे तोडली होती, आणि साडेसात हजारांहून अधिक थडगी उकरून दुसरीकडे नेली होती. चित्रपटातील गाव, ज्यात इमारती जशाच्या तशा उभ्या आहेत, तसे तिथेही नाही.

यावर चर्चा वास्तव आणि कल्पना या ठरलेल्या वाटेने जाईल असे वाटत असतानाच आबांनी आपला खरा मुद्दा मांडला. “इमारतींचं सोडा. तो सिनेमा आहे. पण गाव उठतं तेव्हा माणसं मोजली जातात. सरकार मोजतं, भावकी मोजते. शेजारचं पोर दिसेना हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही? त्या गावात दुसरं कुणी नव्हतं का? सगळा दोष त्या एका बाईवर टाकून मोकळे झाले.”

सभागृहात यानंतर जे बोलणे झाले त्यातून, वहीत पूर्वी न मिळालेले उत्तर मिळाले. चित्रपटाची प्रतिमा एका संपूर्ण गावाविषयी बोलते : दूरच्या शहरासाठी बुडवलेली वस्ती, आणि तिच्याखाली राहून गेलेले काहीतरी. ही प्रतिमा पहिल्याच मिनिटात उभी राहते आणि ती इतकी समर्थ आहे की पुढचा तासभर तिच्यावरच चालतो. पटकथा मात्र त्या पाण्याचा अर्थ लावायची वेळ आली की गावाकडे पाठ फिरवते आणि एक क्रूर आई व एक विकृत मुलगा पुढे करते. व्हिव्हियन समोर येतो तेव्हा भीती जाते. कलाकार कमी पडतो हे त्याचे कारण नाही, उत्तर प्रश्नापेक्षा लहान पडते हे आहे. सफरचंद, पाणी, परीकथा ही सारी मोठी चिन्हे एका माणसाच्या बालपणाचे तपशील होऊन बसतात. ‘चित्रे सुंदर, गोष्ट फसलेली’ हे जुने वाक्य त्यामुळे चुकीचे ठरले नाही, अपुरे ठरले. या चित्रपटात विचार चित्रांनीच केला आहे, आणि गोष्टीने तो मध्येच सोडून दिला आहे.

ताई शेवटी बोलल्या. त्यांनी चित्रपट घरी दोन बैठकींत पाहिला होता. त्यांना खुनाचा त्रास झाला नाही, असे त्या म्हणाल्या. “मुलगी जाते आणि सिनेमा लगेच धावायला लागतो. खुनी कोण, पळायचं कसं. आईला बसायला जागाच ठेवली नाही.” क्लेअर मोटार पाण्यात घालते त्या क्षणी बेनिंग यांचा चेहरा खरा वाटला, त्यानंतर दिग्दर्शकाला घाई झाली, एवढेच त्यांनी सांगितले. त्यावर कोणी काही जोडले नाही, आणि संयोजकांनी पाच मिनिटांची विश्रांती जाहीर केली.

निष्पन्न काय झाले

चित्रपटाविषयी एकमत झाले नाही, आणि ते व्हावे असा हेतूही नव्हता. सर आपल्या मतावर कायम राहिले, फक्त कॅलेंडरचा दाखला त्यांनी मागे घेतला. डॉक्टरांनी सांगितले की हा चित्रपट त्या कोणाला सुचवणार नाहीत. छायाचित्रकार आणि त्याच्याबरोबरची मुले नाटकाचा प्रसंग पुन्हा पुन्हा पाहत राहिली, आणि त्यांच्यापैकी दोघींनी गावच्या जत्रेतल्या रात्रीच्या तमाशाचे चित्रण करताना उजेडाची कड हाच विषय धरला.

टिकणारा बदल वहीत झाला. जुनी नोंद खोडली नाही. तिच्याखाली नवी लिहिली, आणि चित्रपट कोणत्या ठिकाणी मोडतो हे प्रसंगाच्या नावानिशी नोंदवले. यापुढे कोणत्याही चित्रपटापुढे ‘पुन्हा दाखवू नये’ असे लिहायचे असेल तर दोन गोष्टी सोबत लिहाव्यात असे ठरले : तो कोणत्या प्रतीवरून पाहिला, आणि तो नेमका कुठे फसला. नियम लहान आहे, पण या नियमामुळे वहीतल्या आणखी काही जुन्या नोंदी उघड्या पडल्या आहेत आणि त्यांवर आता बैठकीत बोलणे चालू आहे.

वेगळे काय करता आले असते

आशयाची पूर्वसूचना मोघम होती. फलकावर ‘संवेदनशील विषय’ एवढेच लिहिले होते, आणि ताईंखेरीज इतर कोणाला आधी काही सांगितले गेले नव्हते. सभागृहात अशी इतरही माणसे असू शकतात ज्यांचे दुःख गावाला ठाऊक नाही. लहान मुलीचा मृत्यू, आत्महत्येचा प्रयत्न आणि रुग्णालयातील बळजबरी, असे तीन गोष्टींची नावे घेऊन लिहायला हवे होते. गूढ उघड होईल ही भीती इथे गौण आहे.

डॉक्टरांचे बोलणे ओघात, प्रेक्षकांतून आले. विषय लक्षात घेता त्यांना आधीच विनंती करून, त्या प्रसंगानंतर बोलायला स्वतंत्र वेळ द्यायला हवा होता. तसे केले असते तर वेशांतर आणि मानसिक आजार यांची चित्रपटाने घातलेली गल्लत अधिक नेमकेपणाने सोडवता आली असती. त्या संध्याकाळी तो धागा आबांच्या मुद्द्यापुढे मागे पडला, आणि तो मागे पडायला नको होता.

धरणग्रस्त सभासदांबाबत अधिक विचार हवा होता. आबा बोलले म्हणून चर्चेला दिशा मिळाली, पण तो योगायोग होता. त्यांना न विचारता त्यांच्यासमोर बुडालेले गाव ठेवले गेले, आणि मग त्यांच्या आठवणीतून आपल्याला चित्रपटाची किल्ली मिळाली. यात देवाणघेवाण एकाच बाजूची झाली. मुळशीच्या १९२१ च्या सत्याग्रहापासून कोयना आणि उजनीपर्यंत या राज्यात धरणाखाली गेलेल्या गावांचा मोठा इतिहास आहे. अशा विषयावरचा खेळ ठरवताना त्या लोकांशी बोलणे आधी व्हायला हवे, आणि ते चित्रपटाच्या निमित्तापुरते नको.

सरांनी सुचवलेला ‘द कंपनी ऑफ वूल्व्ज’ आधी पाहिला असता तर तुलना हाताशी असती. स्पष्टीकरण न देता स्वप्न कसे पेलता येते हे त्याच दिग्दर्शकाच्या जुन्या कामातून दाखवता आले असते, आणि ‘इन ड्रीम्स’मध्ये काय हरवले हे तोंडी सांगत बसावे लागले नसते. तो खेळ आता पुढच्या कार्यक्रमात घेतला आहे.

वेळेअभावी शेवटची दृश्ये पुन्हा पाहायची राहून गेली, आणि त्यांच्याविषयी मंडळात अजून वाद आहे. पुलावरून दोघे पाण्यात पडतात, क्लेअर बुडते, व्हिव्हियन वाचतो, वेडा ठरून शिक्षेऐवजी कोठडीतल्या उपचारांवर सुटतो, आणि मग मेलेली क्लेअर त्याच्या मनात शिरते. सरांच्या मते ही प्रेक्षकाला खूश करण्यासाठी लावलेली शेपटी आहे. छायाचित्रकाराला उलट वाटते की चित्रपट इथे पुन्हा स्वप्नाच्या नियमाकडे वळतो : जो दुसऱ्याच्या झोपेत घुसत होता, त्याचीच झोप आता दुसऱ्या कोणाच्या ताब्यात आहे. माझा कल छायाचित्रकाराकडे आहे, पण तिथे पोहोचेपर्यंत पटकथेने इतके काही समजावून सांगितलेले असते की त्या नियमाला पुन्हा धार येत नाही.